पाटीकाकांचे चार शब्द

पाटीकाका कुणाशी सरळ बोलल्याचं त्यांच्या उमेदीच्या काळात मी कधी ऐकलं नाही. बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला पायरीवर थांबावं लागे, आणि दुकानात मालापेक्षा पाट्याच जास्त. 'हात लावू नये. शॉक बसल्यास आम्ही हसू.' 'रेडिओ दुरुस्त होतो. स्वभाव होत नाही.' 'मालक जागे आहेत. ओरडू नये.' एखादं गिऱ्हाईक रागावून निघालं की काका त्याला पायरीपर्यंत पोचवायला जात आणि म्हणत, "या पुन्हा. सगळ्या पाट्या वाचून झाल्या नसतील आपल्या." सगळ्यांना अहो-जाहो. पोस्टमनला अहो, दुकानात शिरणाऱ्या मांजरालाही अहो. त्या आदरापायी आपला अपमान झालाय हे माणसाला शनिपारापर्यंत चालत गेल्यावर कळायचं.

दुकानावर त्यांचं खरं नाव होतं, पण 'पाटीकाका' हे नाव पडलं ते आमच्यामुळे. आमच्यामुळे म्हणजे गुलटेकडी रेसिंगमुळे. पुण्यात असा एक मोटारशर्यतीचा संघ होता, हे आता सांगितलं तर लोक माझ्याकडे संशयाने बघतात. मार्केट यार्डातल्या कांद्याच्या गोदामात आमची एक गाडी उभी असायची. एका माणसापुरती, छप्पर नसलेली, चाकं चारी बाजूंना उघडी, आत इंजिन मात्र रस्त्यावरच्या साध्या छोट्या मोटारीचं. मी तेव्हा इंजिनिअर होऊन नुकताच बाहेर पडलो होतो आणि दिवसा एका कारखान्यात, संध्याकाळी त्या गाडीखाली असे.

संघाचे मालक म्हणजे शेठ. कांदा-बटाट्याचे आडतदार, मूळचे लोणी काळभोरचे. घरोघरी केबल आली त्या काळात त्यांनी टीव्हीवर परदेशातली शर्यत पाहिली आणि पार वेडे झाले. "आरं, हे आपल्या बैलगाडीच्या शर्यतीचंच हाय," ते सांगायचे. "एकच माणूस, वर छप्पर न्हाई, अन् आई घरात देव पाण्यात घालून बसलेली." खऱ्या शर्यती व्हायच्या पार दक्षिणेत. शेठचे कांद्याचे ट्रक तिकडे जायचेच, त्यातच आमची गाडी चढायची. ट्रॅकवर आम्ही उतरलो की बाकीचे संघ नाकाला रुमाल लावत.

काकांना संघात आणलं ते शेठनीच. एक स्विच घ्यायला म्हणून दुकानात गेले, पाट्या वाचून पोट धरधरून हसले आणि परत येऊन मला म्हणाले, "हा माणूस आपल्याला पायजे." त्याचं असं होतं की गाडी एकदा ट्रॅकवर गेली की ड्रायव्हरशी बोलायची काही सोय नसते. वायरलेस आमच्याकडे नव्हता. काकांनी पुढे स्वतः जुळवून एक बसवून पाहिला, पण त्यातून भजी तळल्यासारखा आवाज यायचा. मग उरते ती पाटी. गाडी प्रत्येक फेरीला समोरून जाते, तेव्हा ट्रॅकलगतच्या कठड्यावरून तिला काळी पाटी दाखवायची. पुढे कोण, मागे किती, ट्रॅक सोडून आत केव्हा यायचं, सगळं त्यावर खडूने लिहायचं. आमचा तेव्हाचा ड्रायव्हर त्या आकड्यांकडे बघतच नसे. "असलं कायतरी लिवलं तर बघंल," हा शेठचा हिशेब.

काकांनी हे काम घेतलं ते अगदी गंभीरपणे. वेगात जाणाऱ्या माणसाला किती वाचता येतं, याचा त्यांनी अभ्यास केला. लक्ष्मी रोडवर उभं राहून, ओळखीच्या स्कूटरवाल्यांना पाट्या दाखवून. "चार शब्द वाचतो माणूस," ते म्हणाले. "पाचवा वाऱ्यावर जातो." तेव्हापासून चार शब्दांच्या पुढे ते गेले नाहीत. गाडी हळू पडली की 'वरात चाललीय का?' पुढच्याला ओलांडता येत नसेल तर 'पुढचा कोण? जावई?' वळणावर घसरून मातीत गेली तर 'शेत बघायला गेलात?' दक्षिणेतल्या संघांना ही अक्षरं म्हणजे आमची गुप्त भाषा वाटायची. त्यांच्यातला एकजण माझ्याकडे अर्थ विचारायला आला होता. मी त्याला टायरच्या हवेचं काहीतरी सांगितलं.

मग नवा ड्रायव्हर आला तो मिलिंद. यवतमाळकडचा, पुण्यात इंजिनिअरिंगला आलेला, आणि हात असा की गाडी त्याला आपणहून वळणं दाखवी. पण पोरगं सरळ. त्याच्या गावाकडे कुणी 'या, चहा घ्या' म्हटलं की त्याचा अर्थ या, चहा घ्या. पुण्याच्या बोलण्याची त्याला काही कल्पनाच नव्हती. पहिले काही दिवस तो मला बाजूला घेऊन विचारायचा, "काका माझ्यावर काऊन रागावून राहिले?" मी सांगायचो, रागावले नाहीत, आवडलास तू त्यांना. हे त्याला पटायला फार वेळ लागला.

त्याच्या पहिल्याच शर्यतीत चहाची गोष्ट घडली. मिलिंद चौथा होता, घाबरलेला होता, मधेच हळू पडला. काकांनी पाटी दाखवली: 'चहा झालाय. आत या.' आणि पुढच्या फेरीला गाडी खरोखर आत आली. मिलिंदने हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "कुठं आहे चहा?" शेठ खालीच बसले. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि मला त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. शर्यत तर गेलीच. मिलिंदही हसला आमच्याबरोबर, पण त्याचे कान लाल झाले होते.

त्यानंतर गोदामात त्याची सुटका नव्हती. तो गाडीखाली झोपलेला असला की हमालसुद्धा जाता जाता म्हणायचे, "मिलिंदराव, च्या झालाय." तो खालूनच ओरडायचा, "आता नाही फसत मी!" आणि नाहीच फसला. पुढच्या शर्यतीत काकांनी मुद्दाम तीच पाटी पुन्हा दाखवली, तर त्याने अंगठा वर केला आणि गाडी अशी काही दामटली की दोघांना मागे टाकलं. मग ती रीतच पडली. वेग वाढवायला हवा असला की काका 'आत या' लिहायचे, मिलिंद अंगठा दाखवायचा आणि सुसाट सुटायचा. शेठ तर त्याला शुभशकुनच मानत. त्या दोन शब्दांचं आम्ही काय करून ठेवलंय, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. काकांच्याही नाही.

याच सुमाराला मिलिंदची आई यवतमाळहून आली. शाळेत शिकवायच्या त्या. पोराला घेऊन परत जायचं असं ठरवूनच आल्या होत्या. काकांच्या दुकानातल्या एकुलत्या एक स्टुलावर त्या बसल्या होत्या आणि मिलिंद पायरीवर मान खाली घालून उभा होता.

"मोटारीत बसला की याला थांबवणारं कोणी आहे का नाही, काका?" त्यांनी विचारलं.

"आहे ना. मी आहे. मी 'आत या' म्हटलं की गाडी आत येते. पुराव्यानिशी सिद्ध झालंय, विचारा चिरंजीवांना."

मिलिंदने चहाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "मग तुमच्या भरवशावर सोडून राहिली मी याला. शब्द द्या."

काका म्हणाले, "आत आणून देतो, बाई. नंबर-बिंबर काही देत नाही." त्या दिवसापासून शर्यत संपल्यावर, मिलिंद कितवाही आलेला असो, गाडी आत येऊन इंजिन बंद होईपर्यंत काका कठड्यावरून हलायचे नाहीत. इंजिन बंद झालं की स्वतःशीच म्हणायचे, "चला. आणून दिला." यवतमाळला फोन मात्र मिलिंदलाच करायला लावायचे. "माझा आवाज ऐकून त्यांना उगाच धसका बसायचा," म्हणायचे.

आता ती शर्यत. मोसमातली शेवटची शर्यत होती आणि आमची कांद्याच्या वासाची गाडी पहिल्यांदाच सगळ्यांच्या पुढे होती. शेठ कठड्यापाशी नुसते नाचत होते. "काका, पोरगं फुडं हाय! फुडं हाय!" काकांच्या हातात पाटी होती, पण त्यांचं शेठकडे लक्ष नव्हतं. गाडी समोरून गेली तेव्हा ते मला म्हणाले, "अहो, मागचं डावं चाक बघितलंत?"

मी पुढच्या फेरीला बघितलं. चाक थरथरत होतं. चाकाला धरून ठेवणारी दांडी कुठेतरी तडकली होती. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी ती तपासली होती, काही सापडलं नव्हतं, आणि पुढेही त्यात कुणाची चूक निघाली नाही. शेठ झेंडेवाल्यांकडे धावले, की गाडी थांबवा म्हणून. ते टोक लांब होतं आणि शेठना मराठीपलीकडे काही येत नव्हतं.

काकांनी पाटी पुसली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आत या.' फक्त दोनच शब्द.

मिलिंद आला. त्याने पाटी पाहिली. अंगठा वर केला आणि वेग वाढवला.

काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. असा चेहरा मी त्याआधी कुणाचा पाहिला नव्हता, आणि पुन्हा पाहायला मिळू नये अशी इच्छा आहे. काय झालंय हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते पाटीकडे बघत राहिले, खडू हातात तसाच. काय लिहावं? कुठले शब्द आहेत, जे या माणसाने लिहिले तर खरे वाटतील? शेवटी त्यांनी खाली आणखी दोन शब्द लिहिले. 'आत या. थट्टा नाही.'

गाडी आली. मिलिंदने मान मागे टाकली. हेल्मेटच्या आत तो हसतोय हे मला इथून कळलं. पुन्हा अंगठा.

मग काकांनी पाटी टाकून दिली. ते कठड्यावर अर्धे चढले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन ओरडायला लागले, मीही ओरडायला लागलो. त्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? गाडी एकदा आणखी समोरून गेली. त्यानंतर आम्ही शेवटच्या वळणाकडे बघत उभे राहिलो. तिथून एक लाल गाडी आली. मग एक पांढरी. मग आणखी एक. कठड्यावर उभ्या असलेल्या माणसांना सगळं असंच कळतं, आपली गाडी न येण्यातून. काका प्रत्येक गाडीला पुढे वाकून बघत होते.

मिलिंद वाचला. पाय वाचला म्हणायचा तर वाचला, पण गुडघा कायमचा आखडला. शर्यतीच्या गाडीत तो पाय मावणं शक्य नव्हतं. त्याला पुण्याला आणलं, तेव्हा काका रोज दवाखान्यात येऊन पलंगाच्या पायथ्याशी उभे राहायचे. बसायचे नाहीत. मिलिंदची आई एकदा त्यांना म्हणाल्या, "काका, तुम्ही बोलावलंच होतं नं. यानंच ऐकलं नाही." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर काकांना सोसलं असतं, असं मला वाटतं.

मिलिंदनेही एकदा सांगितलं, आणि अगदी हसत हसत सांगितलं. "मला वाटलं तुम्ही नाचून राहिले, काका. आपण पुढे होतो नं." मग म्हणाला, "अन् आलो असतो तर पुन्हा हसले असते तुम्ही सारे." त्याच्या मनात काही नव्हतं. पण काका त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर पडले ते दुकानात गेले आणि एक एक पाटी उतरवून काढली.

त्यानंतरचे काका म्हणजे दुसराच माणूस. दुकानात नव्या पाट्या लागल्या. 'कृपया चपला बाहेर काढाव्यात. धन्यवाद.' ते 'कृपया' वाचून जुनी गिऱ्हाइकं घाबरली. "काका, तब्येत बरी आहे ना?" असं लोक आत डोकावून विचारायचे. काका म्हणायचे, "हो, बरी आहे. आपली?" पुढे विचारायला कुणाची जीभ रेटायची नाही. शेठनी गाडी विकून टाकली. गल्लीत रेडिओची दुकानं जाऊन कॉम्प्युटरची आली, काकांच्या दारावरून लोक माउस आणि कीबोर्ड विचारत पुढे जाऊ लागले. या सगळ्यावर पूर्वीच्या काकांनी काय काय लिहिलं असतं! पण ते नुसते म्हणायचे, "पुढच्या दुकानात मिळेल हो."

मिलिंद सॉफ्टवेअरमध्ये गेला. हिंजवडीला मोठ्या काचेच्या इमारतीत त्याला नोकरी लागली, लग्न झालं, आईला त्याने पुण्यात आणलं. पण दर शनिवारी काठी टेकत तो बुधवार पेठेत यायचा आणि काकांना डिवचायचा. भलताच फ्यूज मागायचा. घेतलेला परत करायचा. एकदा तर दुकान उघडं असताना दारात उभा राहून त्याने विचारलं, "काका, दुकान उघडं आहे का?" पूर्वी या प्रश्नाला माणूस जन्मभर लक्षात ठेवील असं उत्तर मिळालं असतं. काका म्हणाले, "हो. या, बसा. पाय दुखत नाही ना?"

बाहेर आल्यावर मिलिंद मला म्हणाला, "एक टोमणा मारा म्हणा नं त्यांना. एकच. मी तुटलो नाही हो, काऊन असे बोलतात माझ्याशी?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय करणार होतो? मी काकांना सांगून पाहिलं होतं. ते म्हणाले होते, "माझं बोलणं खरं वाटत नाही हो लोकांना. आता उरलेल्या दिवसांत तरी वाटू दे."

काका गेले त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. हृदयविकाराचा मोठा झटका होता. अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे ते पडून होते, तोंडात नळी, बोलणं बंद, शुद्ध होती. डॉक्टरांनी आम्हाला काही आशा दाखवली नव्हती. काकांची मुलगी बाकावर बसून होती आणि शेठ, आता पार थकलेले, भिंतीला टेकून. दुपारी मिलिंद आला तो बगलेत ती काळी पाटी घेऊन. दक्षिणेतून ट्रकमध्ये परत आलेली पाटी इतकी वर्षं शेठच्या गोदामात रिकाम्या पोत्यांमागे पडून होती. दारावरच्या माणसाने विचारलं, हे काय? मिलिंद म्हणाला, "पेशंटला वाचायला."

नर्स नको म्हणत होती. काकांच्या मुलीने तिला काहीतरी सांगितलं आणि ती बाजूला झाली. मिलिंदने काठी माझ्याकडे दिली, खिशातून खडू काढला आणि बाकावर टेकून, पाटी मांडीवर ठेवून लिहिलं. मग ती दोन्ही हातांनी काचेला लावून धरली. 'चहा झालाय. बाहेर या.'

काकांची नजर आधी छतावर होती. मग ती खाली आली, पाटीवर थांबली. एवढे चार शब्द वाचायला त्यांना बराच वेळ लागला. नळीमुळे ते हसले की नाही हे सांगता येणार नाही, पण डोळ्यांच्या कडेला मला ती जुनी सुरकुती दिसली, अगदी शपथेवर सांगतो. चादरीवरचा त्यांचा हात जरासा हलला आणि अंगठा वर झाला.

शेठ रडायला लागले. "हसला बघा माझा काका," ते म्हणाले. "समजलं त्यांना."

"नाही समजलं," मिलिंद म्हणाला.

त्याने पाटी काचेपासून जरा मागे घेतली. 'चहा झालाय' हे शब्द त्याने शर्टाच्या बाहीने पुसून टाकले. 'बाहेर या' तेवढं राहिलं. पाटी त्याने पुन्हा काचेला लावली, आखडलेला पाय सावरून टाचा उंचावल्या, पण काकांनी डोळे मिटले होते आणि हात चादरीवर परत गेला होता. आत ते यंत्र तेवढं चालू होतं. मिलिंद कपाळ काचेला टेकून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "थट्टा नव्हती जी, काका."